सेंटर फॉरवर्ड नसलेली टीम आणि वसंतअण्णा

वसंतअण्णाच्या नावावर साठ वर्षं एक चूक जमा आहे. ती माझी आहे.

आज सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी त्याच्या मुलीचा फोन आला. मी दूध तापवत होतो.
“काका, बाबा गेले.”
दूध उतू गेलं. गॅस बंद केला, ओटा पुसला, आणि मग खाली बसलो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : वसंतअण्णा बेंगळुरूत मल्लेश्वरमला आमच्या शेजारी राहायचा. माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मूळ निपाणीचा, इथल्या फॅक्टरीत फिटर.
मी एसएसएलसी नापास. त्याच फॅक्टरीच्या स्टोअरमध्ये टेम्पररी क्लार्क.

१९६० नंतरची एक-दोन वर्षं असतील. त्या काळी बेंगळुरूत प्रत्येक मोठ्या फॅक्टरीची फुटबॉल टीम असायची. आमचीही होती.
फक्त सेंटर फॉरवर्ड नव्हता.
होता तो कलकत्त्याला गेला. तिथल्या क्लबने नेला.

त्याच्या जागी सेल्वमला उभं केलं. वीस वर्षांचा मुलगा, खेळावर नोकरीला लागलेला. सहा मॅचमध्ये एक गोल, तोही गोलकीपर घसरला म्हणून.

मॅच संपली की आम्ही तिघं हॉटेलात. वसंतअण्णा, मी आणि फाउंड्रीतला गुंडप्पा. बाय-टू कॉफी, म्हणजे एकीचे दोन कप, सांगायची आणि तिघांत प्यायची. वेटर आम्हाला ओळखून होता.

गुंडप्पा म्हणायचा, “गोलपोस्ट स्वल्प मोठा करून मागू या. अर्ज हा आपला रघू लिहील.”
मी म्हणायचो, “सेल्वमला काढा. तो बॉल घेऊन मागेच पळतो.”
वसंतअण्णा म्हणायचा, “मागे पळतो कारण तो लेफ्ट इन आहे रे. पुढे बॉल पोचवणारा तोच, आणि तोच पुढे उभा. मग पोचवणार कोण, तुझा काका?”

मला हे पटत नव्हतं. मला टीम हरलेली सहन व्हायची नाही. मॅचच्या आदल्या दिवशी मला जेवण जायचं नाही.

म्हणून मी पत्र लिहिलं. टीमच्या सेक्रेटरीला.
इंग्रजीत, डिक्शनरी शेजारी ठेवून. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून सगळं कॅपिटलमध्ये. खाली सही नाही. एकही स्पेलिंग चुकलं नव्हतं.
लिहिलं की सेल्वमला खेळात रस नाही, तो अंग चोरतो, त्याला काढून टाकावं.

मला म्हणायचं होतं, टीममधून.

आमचा सेक्रेटरी दिवसा फॅक्टरीचा पर्सोनेल ऑफिसर होता. हे मला माहीत होतं. तरी डोक्यात आलं नाही. त्याने पत्र सेल्वमच्या सर्व्हिस फाइलला लावलं. खेळावर लागलेल्या मुलांचं कन्फर्मेशन वर्षाने व्हायचं, आणि सेल्वमचं त्याच महिन्यात होतं.
चौथ्या दिवशी कॅन्टीनमध्ये बातमी आली. त्याला ठेवणार नाहीत. घरी आई आणि तीन बहिणी.

मी वसंतअण्णाला गाठलं आणि सगळं सांगितलं.
“मी जाऊन कबूल करतो.”
“तू टेम्पररी. निनावी तक्रार केलीस म्हणून तुलाही काढतील. मग दोघं मिळून गल्लीत खेळा.”
“मग काय करू?”
“गप्प बस. मी पर्मनंट आहे.”

तो आत गेला. मी दाराबाहेर उभा. सगळं ऐकू येत होतं.
“सर, ते पत्र माझं. रागात लिहिलं. परत घेतो.”
सेक्रेटरी बराच वेळ बोलत होता. मग वसंतअण्णाचा आवाज आला,
“सर, एक मॅच त्याला मागे खेळवा. दोन्ही कडांचे आउट आत येऊ देत.”
“आणि सेंटर फॉरवर्ड कोण?”
“कोणी नाही. आपल्याकडे तो नाहीच आहे, सर. जो नाही त्याला खेळवायचं कशाला?”

वसंतअण्णाला मेमो मिळाला. चार्जहँडची बढती त्या वर्षी हुकली.
सेल्वमला एक मॅच मिळाली.

त्या मॅचमध्ये त्याने गोल केला नाही. दोन करवले. सेंटर फॉरवर्डला धरणारा समोरचा स्टॉपर मॅचभर शोधत होता की धरायचं कोणाला. गुंडप्पा बाकावर उभा राहून ओरडत होता. वसंतअण्णा शांत बसला होता.
सेल्वम कन्फर्म झाला.

मॅच संपल्यावर तो आमच्याकडे आला. पत्र कोणाचं, हे सेक्रेटरीने त्याला सांगितलं होतं. त्याने गुंडप्पाशी हात मिळवला. माझ्याशीही मिळवला. मग वसंतअण्णाकडे बघून कन्नडमध्ये म्हणाला,
“स्वल्प नाचिके इरबेकु, अण्णा.”
थोडी लाज असावी.

वसंतअण्णा म्हणाला, “सरी.” बरं.
आणि त्याला जायला वाट करून दिली.

मी शेजारीच होतो. तोंड उघडलं नाही.

नंतर मी विचारायचो, “अण्णा, सांगू का त्याला?”
“आधी कन्फर्म हो.”
झालो. “सांगू का?”
“लग्न होऊ दे तुझं.”
तेही झालं.
“आता राहू दे रे. छान खेळतोय. कशाला त्याच्या डोक्याला ताप.”

सेल्वम अकरा सीझन खेळला. पुढे फॅक्टरीच्या त्याच विभागात आला, वसंतअण्णापासून चार मशीन सोडून. दोघं रिटायर होईपर्यंत कामापलीकडे एक शब्द बोलले नाहीत. वसंतअण्णाने मात्र त्याची एक मॅच चुकवली नाही. मुलीला ताप होता तेव्हाही अर्धी बघून घरी गेला.

आज नऊ वाजून वीस मिनिटांनी मी सेल्वमला फोन केला. आधी बातमी सांगितली. मग पत्राचं सांगितलं. कागदावर लिहून घेतलं होतं, काही सुटू नये म्हणून.


“आज सांगतोयस,” तो म्हणाला.
“हो.”
“किती वाजता नेणार?”
“साडेअकराला.”
“मी येईपर्यंत हलवू नका.”

नातवाचा हात धरून तो पावणेबाराला आला. वसंतअण्णाच्या कानाशी वाकला आणि तमिळमध्ये काहीतरी बोलला. मला तमिळ समजतं. पण ते माझ्यासाठी नव्हतं, म्हणून इथे लिहीत नाही.
मग तिरडीला खांदा देतो म्हणाला. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस, नातू नको म्हणत होता. तरी कोपऱ्यापर्यंत दिला.

माझ्याशी तो बोलला नाही. मी वाट पाहीन.

वसंतअण्णा, साठ वर्षं माझी चूक तू वागवलीस. आजपासून ती माझ्या नावावर.
सावकाश जा.

— रघू