कोपऱ्यातलं कोकरू

बिरा गेल्याचं कार्ड आलं तेव्हा मी पानावर बसत होतो. त्याच्या भावानं कुणाकडून तरी लिहवून घेतलेल्या दोन ओळी होत्या. 'बिरा मास्तर तापानं वारला. तुमचं नाव काढीत हुता.' मी तसाच उठलो, अंगावरचा रेशमी मुकटा फेडला आणि घडी करून पेटीत टाकला. त्या मुकट्यावरून त्यानं मला इतकी वर्षं छळलं होतं. "पंत, किडं उकडून काढल्यालं कापड, आन त्येच तुमचं सोवळं? देवाला चालतं व्हय?" मी हसून वेळ मारून न्यायचो. महिना होऊन गेला, पेटी पुन्हा उघडलेली नाही.

पलूसच्या शाळेत मी मराठी शिकवायचो आणि बिरा चित्रकला. म्हसवडकडच्या मेंढपाळाच्या घरातला हा पोरगा चित्रकलेच्या परीक्षा देऊन मास्तर झाला, याचं शाळेला कौतुक होतं. त्याच्या खुळाचं मात्र नव्हतं. लहानपणी त्यानं बोटानं दूध चाटवून एक कोकरू वाढवलं होतं. बापानं ते बाजारात विकलं. पुढच्या बाजाराला कातड्यांच्या ढिगात त्याला एक काळं कातडं दिसलं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं... तेव्हापासून त्यानं मारलेल्या जिवाचं काही अंगाला लावलं नाही. पायात मोटारीच्या टायरच्या वहाणा. आईनं कातलेल्या लोकरीचं घोंगडं मात्र चालायचं, कारण "कातरली तरी मेंढी परत चरायला जाती की." खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश त्याला नकोत, केवड्याची मुळी ठेचून तो आपले कुंचले आपणच करायचा. लढाईच्या दिवसांत विलायती ब्रश मिळेनासे झाले, तेव्हा आसपासच्या शाळांत त्याचा एकट्याचा चित्रकलेचा वर्ग सुरळीत चालला होता. प्रत्येक चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सहीच्या जागी तो एक कोकरू काढायचा, काळं, कपाळावर पांढरा ठिपका असलेलं.

घोडं अडलं ते पडद्यापाशी. नाटकाचे पडदे रंगवणारे रंगाची पूड सरसात कालवतात. सरस म्हणजे जनावरांची हाडं-कातडी उकळून केलेला गोंद. पडदा कितीदा गुंडाळा, तो रंग सोडत नाही. बिरा बाभळीचा डिंक वापरी. डिंक वाळून कडक होतो आणि गुंडाळलं की तडकतो. संमेलनासाठी त्यानं रंगवलेला पहिला पडदा असाच टवके उडून गेला. हेडमास्तरांनी बजावलं, की दुसराही गेला तर नवा ड्रॉइंग मास्तर बघू. बिरा म्हणाला, "डिंकाचं परमाण चुकलं असंल. औंदा बघा तुमी."

त्याचं प्रमाण कधीच जुळणार नव्हतं, हे मला दिसत होतं. सिद्धनाथाच्या यात्रेला तो गावी गेला, त्या रविवारी मी सुताराकडून सरस आणला. आयुष्यात कधी कातड्याला हात न लावलेला मी, शाळेच्या पडवीत चूल मांडून तो वितळवला आणि त्याच्या डिंकाच्या मडक्यात ओतला. डिंक नासू नये म्हणून तो त्यात कडुनिंबाचा काढा घालायचा. त्या उग्र वासात माझी करणी झाकली गेली. मला वाटलं, मी मित्राची नोकरी वाचवली.

पडदा टिकला. डोंगर, बाभळी, चरणाऱ्या मेंढ्या... वीस वेळा गुंडाळला तरी कण हलला नाही. बिरा लहान पोरासारखा शाळाभर सांगत फिरला. "बघितलं का पंत? एका जिवाला न दुखवता हुतंय की." मी मान डोलावली. तेव्हा सांगायला हवं होतं. पुढे सांगलीच्या एका नाटक मंडळीनं तो पडदा पाहून त्याला अरण्याचा पडदा सांगितला, तेव्हा तरी सांगायलाच हवं होतं. तो आनंदानं निघाला होता, माझी जीभ रेटली नाही. भित्रेपणाला मी मैत्री म्हणत राहिलो.

सांगलीला पहिल्याच खेळात पडदा उलगडला आणि नुसत्या डिंकात रंगवलेल्या अरण्याचे टवके सीतेच्या डोक्यावर गळू लागले. प्रेक्षक पोट धरधरून हसले. बिरा विंगेत उभा होता.

चार दिवसांनी भर पावसात तो शाळेत राजीनामा द्यायला आला. जाण्याआधी त्यानं माझ्याकडे शाळेच्या दिवाणखान्याची किल्ली मागितली, पडदा तिथंच टांगलेला असायचा. "आपला पडदा येकदा बघून येतो." तासभर तो आत होता. बाहेर आला तेव्हा हात ओले होते. मला वाटलं, पावसानं. किल्ली देऊन तो गावी गेला आणि पुन्हा त्यानं कुंचला धरला नाही. एकदा मी भेटायला गेलो, तर मेंढरं चारत होता. बोलता बोलता म्हणाला, "शाळंचा पडदा हाय का अजून?"

"आहे की."

"ऱ्हाणारच त्यो," एवढंच म्हणून तो मेंढरांकडे बघत बसला.

परवा मी दिवाणखाना उघडला. पाऊस लागून राहिला होता, हवा कोंदट. पडदा सोडला आणि आधी वास आला... निंबाचा केव्हाच उडून गेला होता. ओल लागली की सरसाला येतो तो, मेल्या जनावराचा. मेंढ्यांत वाढलेल्या माणसाला तो ओळखायला किती वेळ लागला असेल? डोंगर, बाभळी, मेंढ्या सगळं जसंच्या तसं होतं. उजव्या कोपऱ्यात कोकरू नव्हतं. ओल्या फडक्यानं घासून घासून त्यानं ते पुसून टाकलं होतं, पार कापड दिसेपर्यंत. माझ्याजवळ त्याचं उरलेलं हे एकच चित्र, आणि ते त्यानं आपलं म्हटलेलं नाही.