न मागितलेलं पाणी

कार्तिकात आमच्या आंबी गावच्या हवेला दोन वास असतात. एक झोडणी झालेल्या खळ्यावरून संथपणे पसरत येणारा, दमट पेंढ्याचा; आणि दुसरा त्याच्या पोटातून हळूच वर येणारा, चुलीवर शिजणाऱ्या नव्या इंद्रायणी तांदळाचा, किंचित दुधाळ, किंचित गोड. त्या रविवारी संध्याकाळी आईच्या स्वयंपाकघरातून तो दुसरा वास ओटीवर येत होता, नदीपलीकडच्या शेतांवरून उन्हाचा शेवटचा पिवळा पट्टा मागे सरत होता, कारखान्यांची पाळी सुटून मोटारसायकली रस्त्याने घराकडे परतत होत्या, आणि मी लोणावळ्याजवळच्या औंढ्याहून, सासरहून, माहेरी आले होते ती केवळ टीव्ही बघायला.

माझी धाकटी बहीण अश्विनी त्या दिवशी एका रहस्यमालिकेत दिसणार होती. दर रविवारी एक नवी जागा, एक नवा मृत्यू आणि तीच सावकाश बोलणारी महिला पोलीस अधिकारी, अशी ती मालिका. मी ती सुरुवातीपासून बघत आले आहे आणि तिच्याविषयी माझी मतं पक्की आहेत. लोणावळ्याच्या शाळेत मी मराठी शिकवते. गोष्टीचे सांधे कुठे कच्चे राहिले हे मला चटकन दिसतं, गुन्हेगार कोण हे बहुधा मध्यावरच उमगतं, आणि उमगलं की बोलल्याशिवाय राहवत नाही. त्यामुळे घरी माझ्याबरोबर ती मालिका बघायला हल्ली कुणी बसत नाही.

पण अश्विनी त्या पडद्यावर जाणार, हे कळल्यापासून माझ्या त्या रसिकतेला कुठेतरी खोक पडली होती. गावच्या गणपतीत नाटकं व्हायची तेव्हा नायिका मी असायची. अश्विनी विंगेत उभी राहून माझे संवाद पुटपुटायची, माझ्या शालू-शेल्यांच्या घड्या घालायची, आणि मी आत आले की डोळे विस्फारून माझ्याकडे बघत राहायची. पुढे माझं लग्न झालं, नोकरी लागली, औंढ्याच्या घरात मुलं वाढली; मला कुणी अडवलं नव्हतं, तरी नाटक सुटलं ते सुटलंच. ती मात्र पुण्याला शिकायला गेली, तिथून मुंबईला गेली, आणि वर्षानुवर्षं लहानसहान कामं करत टिकून राहिली. मत्सराला आपल्याकडे जळणं म्हणतात. माझा मत्सर कधी पेटला नाही. मावळातल्या भिंती जशा आतून ओल धरतात, तसा तो मुरत गेला. वरून रंग शाबूत, पण तळवा टेकवला की गार. तिच्या प्रत्येक कामाची बातमी मी शाळेत सर्वांना सांगायची, पेढे वाटायची, आणि हे माझं गुपित कुणालाही ठाऊक नाही, अशा समजुतीत निर्धास्त असायची.

टीव्हीपुढे आम्ही चौघं होतो. आई, मी, आणि शेजारच्या घरातून आलेले माझे चुलते आबा आणि काकू. भाग सुरू झाला. खंडाळ्याच्या डोंगरावरचा एक जुना बंगला, धुकं, आणि बंगल्यामागच्या तळ्यात बुडून मेलेली एक तरुण गायिका. अश्विनी त्या गायिकेच्या थोरल्या बहिणीच्या भूमिकेत होती. पांढरी साडी, घट्ट वेणी, अंगावर दागिना नाही. ती दारातून आत आली मात्र, आबा खुर्चीतून पुढे सरकले.

“आगं, ही बग आपली आशू! कशी चालतीया बग, जनू तिचाच बंगला.”

“लय भारी दिसतीया,” काकू म्हणाल्या. “डोळं तर बोलत्यात तिचं. व्हय की न्हाई गं, मने?”

“हो, छानच,” मी म्हणाले, आणि उठले. “पाणी आणते सगळ्यांना.”

मी पाणी घेऊन परतले तेव्हा संशय गायिकेच्या नवऱ्यावर गेला होता. मला ते रचलेलं वाटलं. माझी मतं एकेक करून वर येऊ लागली आणि खरं सांगायचं तर त्यांच्या येण्याने मला बरं वाटत होतं. धुकं खोटं होतं. आमच्याकडचं धुकं दरीतून चढत येतं, असं जमिनीवर धुरासारखं लोळत नाही. बंगल्याचा माळी शहरी मराठी बोलत होता. नवऱ्याला जमिनीचा लोभ होता, हे तर तीनतीनदा सांगून झालं होतं. मी हे सगळं मोठ्याने बोलत होते आणि आबा मान डोलवत होते, कारण शिकलेल्या पुतणीचं बोलणं खोडून काढायची त्यांची रीत नाही.

मग तो प्रसंग आला. भूतकाळातला एक दिवस, दिवाणखान्यात पाहुणे जमलेले, गायिका गाऊन थांबलेली, सगळे तिच्यावर स्तुतीचा वर्षाव करत असलेले. कॅमेरा हळूच थोरल्या बहिणीकडे वळला. तिच्या ओठांवर हसू होतं, नेमकं, मापात बसवलेलं. “हो, छानच गायली,” ती म्हणाली. मग उठली आणि म्हणाली, “पाणी आणते सगळ्यांना.”

माझ्या हातातला पेला मी खाली ठेवला.

काकू खळखळून हसल्या. “बया! आपल्या मनीचीच सवय उचलली की पोरीनं! पाहुन्याला आधी पानी, लहानपनापास्नं असंच हाय मनीचं.”

आबाही हसले. त्यांना त्यात थोरल्या पुतणीचं अगत्य दिसत होतं. आई मात्र हसली नाही. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर पडद्याकडे वळवली; आणि तेवढ्या अवधीत मला कळलं की तिला माहीत आहे, कदाचित फार पूर्वीपासून माहीत आहे.

त्यानंतरचा भाग मी गुन्हेगारासारखा पाहिला. कुणी गायिकेचं पत्रातलं कौतुक वाचून दाखवी, कुणी तिचं छायाचित्र भिंतीवर लावी, आणि प्रत्येक वेळी ती पांढऱ्या साडीतली बाई शांतपणे उठून पाणी आणी. ती उठण्याआधी डाव्या हाताने निऱ्या सारख्या करायची, पेला देताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायची नाही. ते सगळं माझं होतं. शेवटी पोलीस अधिकारी तिच्यासमोर बसली आणि सावकाश म्हणाली, “एक सांगा ताई, तुमच्याकडे पाणी मागितलं कोणी होतं?” अश्विनी काहीच बोलली नाही. तिच्या चेहऱ्यावरची ओळखीची सौम्यता हळूहळू ओसरली, आणि तिच्या जागी काहीही आलं नाही. नवऱ्याच्या लोभापाशी अडकलेली माझी सगळी हुशारी त्या रिकाम्या चेहऱ्यापुढे गप्प झाली. त्या भागातला गुन्हेगार मला ओळखता आला नव्हता.

जेवणं व्हायच्या आतच अश्विनीचा फोन आला. आबा-काकूंनी तिला आशीर्वाद दिले, आई तिच्याशी बोलताना दोनदा डोळे पुसून घेत होती, आणि मग फोन माझ्या हातात आला. मी तो घेऊन खळ्याकडे गेले. पेंढ्याची उडवी अंधूक सोनेरी दिसत होती, हवेत गारवा उतरला होता.

“ताई, पाहिलंस?”

“पाहिलं. धुकं खोटं होतं. आणि माळ्याची भाषा...”

“मला वाटलंच, तू धुक्यापासून सुरुवात करणार,” ती म्हणाली. मग थांबून, आवाज खाली आणून, “आणि पाणी?”

मी उडवीतून पेंढ्याची एक काडी ओढून काढली.

“ते लिहिलेलं नव्हतं, ताई. तिने बहिणीचे फोटो फाडायचे, असं होतं. मी दिग्दर्शकांना म्हटलं, मत्सर असा नसतो. मला माहितीये तो कसा असतो.”

“कधीपासून माहितीये?”

“माझ्या शाळेतल्या पहिल्या बक्षिसापासून.” तिच्या आवाजात आरोप नव्हता, हे मला सर्वांत जड गेलं. “सगळे कौतुक करायचे आणि मी तुझ्याकडे बघायची. नाटक मी तुझं बघून शिकले. तू काय म्हणतेस, तेवढंच मला हवं असायचं. आणि तू पाणी आणायला जायचीस.”

मला राग आला. आपलं सर्वांत झाकलेलं काही कुणी उचलावं आणि ते लाखो घरांत दाखवावं, याचा राग. आणि त्याच्या तळाशी त्याहून लाजिरवाणं काहीतरी, की हे मला का सुचलं नाही, मी रंगमंचावर असते तर हे मी केलं असतं. पण फोनच्या पलीकडे ती श्वास धरून उभी होती. विंगेत उभी राहायची तशीच असणार.

“शेवटी तू काहीच बोलली नाहीस ना,” मी म्हणाले, “आणि चेहरा नुसता रिकामा झाला. तिथे मला भीती वाटली, आशू. मला तसं कधीच जमलं नसतं.”

मग तिने नाक ओढलं. “अजून एकदा म्हण,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो, ती जरा जास्त, मी जरा कमी.

दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगावहून लोणावळ्याची गाडी पकडली. खिडकीबाहेर कापून झालेली खाचरं कोवळ्या उन्हात उघडी पडली होती, कामशेतच्या पुढे डोंगर निळे होत होते. समोर बसलेल्या कॉलेजच्या दोन मुली कालच्या भागाविषयीच बोलत होत्या. गाडी मळवलीहून सुटली तेव्हा मला राहवेना.

“ती बहिणीचं काम करणारी आहे ना,” मी म्हणाले, “ती माझी धाकटी बहीण.”

दोघी एकदम सावरून बसल्या. “खरंच? काय काम केलंय हो त्यांनी! अंगावर काटा आला.” तो जुना गारवा माझ्या आत सवयीने जागा झाला; पण गाडीत उठून जाण्यासारखं कुठे नव्हतं, म्हणून मी बसून राहिले आणि ऐकत राहिले, आणि आश्चर्य म्हणजे ते ऐकणं मला जमत होतं. त्यातली एक जरा संकोचून म्हणाली, “पण त्या स्वतः तशा नसतील ना? इतक्या जळणाऱ्या?”

“छे,” मी म्हणाले. “तिच्यात ते नाहीच. तिने ते कुणाकडून तरी उचललंय.”

“कुणाकडून?”

लोणावळा जवळ येत होतं, गाडीचा वेग मंदावला होता, आणि त्या दोघी माझ्या तोंडाकडे बघत होत्या. नाव सांगायचं की गप्प राहायचं, हे ठरवता ठरवता माझ्या लक्षात आलं की मला लाज वाटत नव्हती. मला त्या भूमिकेतला माझा वाटा हवा होता.