गाडीला झोप लागेपर्यंत

काकांना काहीही सांगितलं की ते आधी तेच वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचे आणि मग उत्तर द्यायचे. "काका, आज दुपारी पाणी येणार नाही." "आज दुपारी पाणी येणार नाही. बरं." दूधवाला वैतागायचा. बिल्डिंगमधल्या मुलांनी त्यांचं नाव रिपीटकाका ठेवलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक होतं. "ठेवलंय ते नाव काही चुकीचं नाही," ते मला एकदा म्हणाले होते.

नोकरीची सगळी वर्षं त्यांनी कोयनेच्या पोफळी वीजघरात, डोंगराच्या पोटातल्या कंट्रोल रूममध्ये काढली. तिथे फोनवर कुणी काही सांगितलं की ते परत म्हणून दाखवायचं, मगच स्विचला हात लावायचा, कारण लाइनवर कुठेतरी माणूस चढलेला असतो. रिटायर झाल्यावर त्यांनी रत्नागिरीत नाचणे रोडला, आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याचा ब्लॉक घेतला. नंतर काकू गेल्या. मुलगी पुण्याला. पण सवय राहिली. मला ती आवडायची. मी कमी बोलते, आणि बोलले तरी पुष्कळदा समोरच्याचं लक्ष दुसरीकडे असतं. काकांपर्यंत आपलं बोलणं पोचलं की नाही, ही शंका कधी उरायची नाही.

लाइट गेली की काका गॅलरीत येऊन तारांकडे तोंड करून उभे राहायचे, जसं काही घरातलंच कुणी आजारी पडलंय. पहिल्या मजल्यावरचे भाऊ वरून हाक मारायचे, "काय काका, तुमची पोफळी झोपली वाटतं." काका शांतपणे म्हणायचे, "पोफळी झोपत नाही. तुमच्या कोपऱ्यावरचा फ्यूज उडालाय. आणि तुम्ही दोन एसी लावा अजून."

माझी त्यांची ओळख झाली ती गॅस सिलिंडरमुळे. सिलिंडर दारात, माणूस ओटीपी मागतोय, आणि काका फोन हातात धरून जिन्यात उभे. मी वरून येत होते. "वाच गो बाय जरा," म्हणाले. मी इंग्रजीत वाचला. सिलिंडरवाल्याला कळला, काकांना मराठीत हवा होता. माझं शिक्षण इंग्रजी माध्यमातलं. एकोणसत्तर आणि एकोणऐंशी यांच्यात मी अजून अडखळते. माझा चेहरा लाल झाला असणार. काका म्हणाले, "एकेक आकडा सांग. सहा, नऊ. आम्हीसुद्धा फोनवर असंच सांगायचो. मोठा आकडा म्हटला की चूक होते." त्यानंतर औषधाच्या पाकिटांवरची तारीख, बँकेचे मेसेज, पुण्याहून आलेले नातवाचे फोटो, सगळं माझ्याकडे यायला लागलं. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. "जरा धूसर आहे," एवढंच ते म्हणायचे. मीही त्याहून जास्त विचारलं नाही.

मी घरून काम करते. आई शाळेत, बाबा लोट्याच्या कंपनीत, आठवड्याने घरी येतात. मीटिंगमध्ये माझा कॅमेरा बंद आणि बहुतेक वेळ माइकही बंद. कित्येकदा काकांच्या दारात उभं राहून काही वाचून दाखवेपर्यंत मी दिवसभरात माझा आवाजच ऐकलेला नसायचा.

त्यांची गाडी खाली पार्किंगमध्ये उभी असायची. ते चालवत नव्हते, पण रोज पुसायचे. तिची बॅटरी सारखी उतरायची. चार्ज करून आणली की दोन-तीन दिवस ठीक, मग चावी फिरवली की नुसती टिकटिक. एरवी हे कुणी मनावर घेतलं नसतं. पण पुण्याच्या ताई, म्हणजे काकांची मुलगी, फोनवर म्हणाल्या होत्या, "बाबा, तुमची गाडीसुद्धा सुरू होत नाही. उद्या काही झालं तर दवाखान्यात जाणार कशाने? दिवाळीत मी येते, तेव्हा तुम्ही माझ्याबरोबर चला." काकांनी फोन ठेवला आणि मला म्हणाले, "म्हणजे गाडी सुरू झाली पाहिजे." पुण्याला जायचं नाही, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. गाडीबद्दलच बोलत राहिले.

वीज कुठे जाते ते शोधायचं ठरलं. बॅटरीची काळी वायर सोडवायची आणि बॅटरी आणि वायर यांच्यामध्ये वीज मोजायचा छोटा मीटर लावायचा. गाडी बंद असताना जी वीज जाते ती मग मीटरमधून जाते आणि तिचा आकडा दिसतो. नंतर एकेक फ्यूज काढत जायचं. जो फ्यूज काढल्यावर आकडा एकदम खाली येईल, तिथे दोष. काकांच्या हातांना हे सगळं येत होतं. पाना त्यांनी न बघता नटवर बसवला. आकडा वाचायचं काम माझं.

पण लगेच वाचून उपयोग नसतो. दार लावल्यावरही गाडीत काही ना काही थोडा वेळ जागं असतं. "आता दार उघडायचं नाही, चावी जवळ आणायची नाही," काका म्हणाले. "गाडीला झोप लागू दे." आम्ही प्लास्टिकच्या खुर्च्या टाकून बसलो. मी काही विचारलं की ते ओठांवर बोट ठेवायचे. "हळू. झोपतेय." मग स्वतःच हसायचे. कुणाशी काही न बोलता बसण्यासाठी इतकं चांगलं कारण मला त्याआधी कधी मिळालं नव्हतं.

अशाच एका बसण्यात मी विचारलं होतं, डोंगराच्या पोटात काम करायची भीती नाही वाटायची? "भीती नाही वाटायची. मशिनचा आवाज असतो ना सारखा. आवाज थांबला की सगळे उठून उभे राहायचे." थोड्या वेळाने म्हणाले, "आता घरात आवाज नाही. दुपारी मध्येच उठून उभा राहतो मी. मग आठवतं, आणि बसतो."

संशयित त्यांनी आधीच ठरवून ठेवला होता. गाडीतली म्युझिक सिस्टिम जावयाने बसवली होती. "तोच बॅटरी खातोय," काका म्हणायचे. सिस्टिम की जावई, हे स्पष्ट करायचे नाहीत. मी पहिला तोच फ्यूज काढला.

"काढला काका. शून्य पॉइंट चार तीन."

"शून्य पॉइंट चार तीन." मग विचारलं, "आधी किती होता?"

"तेवढाच."

"म्हणजे जावई नाही."

"नाही काका."

"नीट बघ हां. तो दिसतो तितका साधा नाही."

जावई सुटले. पुढचे फ्यूज काढत गेले. एका छोट्या फ्यूजला आकडा एकदम पडला. शून्य पॉइंट शून्य दोन. काकांनी ते परत म्हटलं, आणि मग मला पुन्हा वाचायला लावलं, आणि आणखी एकदा. झाकणावर लिहिलं होतं, तो आतल्या दिव्यांचा फ्यूज. पण आत एकही दिवा लागलेला नव्हता. राहिली डिकी. मी फ्यूज परत बसवला, फोनवर व्हिडिओ चालू केला, फोन डिकीत ठेवला आणि डिकी लावली. थोड्या वेळाने काढून पाहिलं, तर डिकी बंद झाल्यावरही आतला दिवा तसाच चालू.

काकांनी फोन डोळ्यांना चिकटवला. "पिवळं काहीतरी दिसतंय. काय काय आहे सांग." स्टेपनी आहे, म्हटलं. छत्री आहे. काकूंच्या चपला आहेत. "चपला राहिल्या होय तिथे," म्हणाले. मग फोन माझ्या हातात देऊन, "बल्ब काढून टाक."

त्यानंतर गाडी रोज सुरू व्हायला लागली. काकांनी पुण्याला फोन करून सांगितलं, की दवाखान्याचा प्रश्न मिटला, चालवायला वरची मुलगी आहे. माझ्याकडे लायसन्स होतं, धीर नव्हता. तरी काका शेजारी बसले की मी थिबा पॅलेसपर्यंत जाऊन यायला लागले. ते रस्त्याकडे बघत बसायचे. दिसत असेल तेवढं.

दिवाळीत ताई आल्या. काकांना नुसती गाडी सुरू करून दाखवायची नव्हती, शोध कसा लागला तेही दाखवायचं होतं. सकाळीच माझ्याकडून मीटर लावून घेतला. ताईंची आंघोळ, चहा, फराळ होईपर्यंत बराच वेळ गेला. मग त्या खाली आल्या. काकांनी मीटर उचलून त्यांच्यासमोर धरला.

"हे बघ. आता काही खात नाही गाडी. बघ किती कमी आहे. वाच गो."

मीटर कोरा होता. बराच वेळ कुणी हात लावला नाही, तर तो आपोआप बंद होतो.

"शून्य पॉइंट शून्य दोन," मी म्हटलं.

"शून्य पॉइंट शून्य दोन," काका म्हणाले. मीटर अजून तसाच वर धरलेला.

ताईंनी मीटरकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग काकांकडे. "छान केलंत बाबा," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी त्या आमच्याकडे वर आल्या. आई चहा करत होती. "खरं सांग," त्यांनी मला विचारलं, "त्यांना दिसतं किती?"

"समोर माणूस आहे, एवढं कळतं."

"आणि गॅस?"

"हात लावून बघतात. आणि वासावर."

"मी रोज फोन करते. डोळे बरे आहेत ना विचारलं की म्हणतात, डोळे बरे आहेत. मला वाटायचं, उत्तर देतायत." मग म्हणाल्या, "तुला माझा राग येणार आता."

मी नाही म्हटलं, आणि ते खरं होतं. राग करण्यासारखं त्यांनी काही केलेलं नव्हतं.

पुण्याला जायचं ठरलं, तेव्हा काका एका शब्दाने भांडले नाहीत. ताई पुण्याहून बसने आल्या होत्या. एवढं सामान आणि काकांना घेऊन जायचं म्हणजे वेगळी गाडी करावी लागली असती. ती करावी लागली नाही, काकांचीच गाडी होती. मागच्या सीटवर बॅगा, फ्रेम केलेले फोटो आणि डब्यांची पिशवी बसली. बिल्डिंगमधले सगळे खाली आले. भाऊ म्हणाले, "काका, आता लाइट गेली की विचारायचं कुणाला?" काका म्हणाले, "एक एसी बंद करायचा."

ताईंनी चावी फिरवली. गाडी पहिल्याच सेल्फला लागली. पुढच्या सीटवर बसलेल्या काकांना हसू आवरेना. त्यांनी काच खाली केली.

"लागली गो," ते म्हणाले, "ऐकलंस ना? एका सेल्फात."

ते फाटकाशेजारच्या माडाकडे बघून बोलत होते. मी भाऊंच्या मागे होते. तिथून निघाले आणि त्या माडापाशी जाऊन उभी राहिले.