कोपरभर खोल पिशवी

तर काल आपण त्या पितळी ताटापाशी थांबलो होतो. आमच्या चर्चमधलं दानाचं ताट. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते बाकाबाकांवरून फिरायचं आणि त्यातलं दान अडल्यानडल्यांसाठी असायचं. कुणाचं औषधपाणी, कुणावर अन्याय झाला तर त्याचा वकील. काम चांगलं, पण ताट भारी चोंबडं. नाणं पडलं की खणकन वाजायचं, म्हणजे कुणी काय टाकलं ते पार मागच्या बाकापर्यंत पोचायचं. ज्यांच्याकडे टाकायला काहीच नसे, ते शेवटच्या गाण्याआधीच चपला शोधायला लागायचे.

ते ताट बंद पाडलं शिवणवाल्या मावशीने. माझी सख्खी मावशी नव्हे, सगळ्या मंडळीची. गल्लीच्या टोकाला खिडकीत तिचं मशीन, तोंडात टाचण्या, आणि टाचण्यांमधून वाट काढत बोलणं अखंड चालू. तिच्या नवऱ्याचा हात गिरणीच्या पट्ट्यात गेला आणि मालकाने कानावर हात ठेवले. मंडळीच्या दानातूनच वकील उभा राहिला, भरपाई मिळाली. पण त्याआधी मावशीला पंचांच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्यांच्या, टेबलासमोर उभं राहून घरात काय शिजतं नि काय नाही ते सगळं सांगावं लागलं. दार उघडंच होतं. संध्याकाळपर्यंत गल्लीला तोंडपाठ.

पुढे काही वर्षांनी ती आपणहून जाड मखमलीची पिशवी घेऊन आली, लाकडी दांडीला अडकवलेली. आवाज नाही की काही दिसायला नको. फक्त खोल फार. खजिनदारकाकांनी हात घातला तर कोपर गडप.

"मावशी, ही पिशवी आहे की विहीर?"

"असू द्या हो, कापड उरलं होतं."

पिशवी फिरवायचं काम माझ्याकडे आलं. मी तेव्हा नुकती मिशी राखायला लागलेलो. बहुतेक हात मूठ घेऊन आत जायचे आणि मोकळे बाहेर यायचे. एखादा मात्र आत रेंगाळायचा आणि मूठ मिटून बाहेर यायचा. अशा वेळी मी वर पाहायचो. चर्चचं छत माझ्याइतकं कुणी पाहिलं नसेल.

आणि मग खजिनदारकाकांची नोट हरवली. ते दर वेळी नोटेच्या कोपऱ्यात शाईचा ठिपका देऊन ती टाकायचे. एका रविवारी पिशवी रिकामी केली तर ठिपक्याची नोट नाही. अस्तरसुद्धा चाचपून झालं.

"मंडळीत चोर शिरलाय," काका म्हणाले.

"नोटेला तीट लावून दान करता होय, काका?" पाळकांची, म्हणजे आमच्या धर्मगुरूंची, बायको म्हणाली.

"थट्टा नको. पुढल्या वेळेपासून पुन्हा ताट."

दोन पंचांनी माना डोलावल्या. ते रेंगाळणारे हात मी ओळखत होतो. उपाशी राहिले असते, पण पंचांच्या टेबलासमोर कधी आले नसते.

पाळकांनी मावशीला बोलावणं धाडलं. ती टाचण्यांसकट आली.

"मावशी, लोक यातून काढून घेतात म्हणे," पाळक म्हणाले. "ताट नको, पण पिशवी वीतभर करून द्या. मग आत हात जायचा नाही."

आता तुमचं दान मोबाईलवरून जातं, आणि गेलं की टुणकन वाजतं. आलं की नाही ताट परत? मावशी जाऊनही जमाना झाला. पिशवी मात्र चर्चच्या कपाटात आहे, तोंडाशी मखमल पार विरलेली. परवा कुणी बघत नाहीसं पाहून मी हात घालून बघितला. अजून कोपर गडप होतं. होणारच, कारण त्या दिवशी मावशीने टाचण्या एकेक करून तळहातावर काढल्या आणि म्हणाली, "नुसती टाकायलाच असती, तर मीच नसती का वीतभर शिवली? कापड काही उरलं नव्हतं, पाळकसाहेब. मुद्दाम आणलं होतं."