पिवळ्या पट्टीच्या अलीकडे

प्रयोगशाळेत तिला सगळे चुंबकबाई म्हणत, अर्थात ती जवळपास नाही याची खात्री करून. विटा, लाकूड, काँक्रीट यांचे तुकडे एमआरआय यंत्रात घालून त्यांच्या पोटात काय चाललंय ते बघायचं, हे तिचं काम. दवाखान्यातल्या यंत्रात माणूस झोपतो, इथे काचेच्या नळीत काँक्रीटचा अंगठ्याएवढा तुकडा झोपायचा. घन पदार्थाकडून येणारा संकेत क्षणात विरतो. तो पकडता पकडता नवशिक्यांच्या नाकी नऊ येत. बाई मात्र चिकाटीने बसायची आणि पाणी कुठे मुरलंय, भेग कुठवर गेलीय, ते पडद्यावर आणून दाखवायची.

चुंबकाच्या खोलीबाहेर जमिनीवर पिवळी पट्टी होती. तिथे ती प्रत्येकाला अडवायची. “धातूचं काही अंगावर?” किल्ल्या, घड्याळ, केसातली पिन, सगळं टोपलीत. एकदा तिने विभागप्रमुखांनाही कमरेचा पट्टा काढायला लावला. बिचारे पाहुण्यांसमोर पँट सावरत आत गेले, पण त्यांनी राग धरला नाही.

मग तिला चक्कर येऊ लागली. ठोके चुकताहेत, पेसमेकर बसवावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. बाई आज-उद्या करू लागली.

“इतकी काय घाबरतेस ऑपरेशनला?” लेकीने विचारलं.

“ऑपरेशनला कोण घाबरतंय? ते यंत्र छातीत बसलं की चुंबकाच्या खोलीत पाऊल टाकता येणार नाही.”

“मग दुसरं कुणी जाईल आत.”

“तेच तर,” बाई म्हणाली आणि भाजी चिरत बसली.

शेवटी ती जिन्यात कोसळली. त्यानंतर लेकीने तिचं काही एक ऐकून घेतलं नाही.

बरी होऊन ती कामावर आली आणि सवयीने नळी उचलून चालू लागली. पट्टीपाशी विभागप्रमुख उभे होते. त्यांचा पट्टा आधीच टोपलीत होता. त्यांना सगळं ठाऊक होतं, म्हणून बाईचा नेहमीचा प्रश्न त्यांनी तिला विचारला नाही.

पट्टीच्या अलीकडे बाई थांबली. तिला रडू येत होतं, आणि त्यांच्या गप्प बसण्याचा रागही येत होता.

“विचारा ना,” ती म्हणाली. “प्रत्येकाला विचारायचं असतं.”

त्यांनी खाली बघत विचारलं, “धातूचं काही अंगावर?”

“आहे,” बाई म्हणाली आणि नळी त्यांच्या हातात दिली.