वाळू कुणी भिजवली?

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही, देवापुढं हात जोडून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. आणि ओळखत असाल, तर आधीच सांगते — मी फार संशयी बाई आहे, तुम्ही हे कुणाकुणाकडं बोलाल याचा हिशेब मी आत्ताच मांडतेय. बोला. काय व्हायचं ते होऊ दे.

कोल्हापुरातल्या एका ज्युनियर कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचे. नव्वदच्या दशकातली गोष्ट. पोरं मला टरकून असायची आणि मला ते आवडायचं — खोटं कशाला बोलू? प्रयोगशाळेत मल्लाप्पा नावाचे अटेंडंट होते. सीमेकडच्या गावचे, कानडी हेल काढून बोलणारे, माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. रोज सकाळी मागच्या अंगणात पाणी शिंपडायचे, धूळ बसावी म्हणून. कुणी सांगितलं नव्हतं त्यांना.

विज्ञान प्रदर्शन होतं. मला काहीतरी दणक्यात करून दाखवायचं होतं. थर्माइट! लोखंडाच्या गंजाची भुकटी आणि ॲल्युमिनियमची पावडर. पेटलं की ॲल्युमिनियम गंजातला ऑक्सिजन हिसकावून घेतं आणि मागं उरतं लोखंड — वितळलेलं, डोळे दिपवणारं, खाली ओघळणारं. रेल्वेचे रूळ असेच जोडतात. पुस्तकात समीकरण होतं. करून दाखवा असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. पावडर कॉलेजच्या कपाटातली, रीतसर मागवलेली, ती बाळगायला कायद्याची आडकाठी नव्हती. पण गर्दीत पेटवायची परवानगी? ती मी प्राचार्यांकडं मागितलीच नाही. कुणीतरी आधीच त्यांचे कान भरले असतील, असा मला संशय होता.

ओघळणारं लोखंड झेलायला खाली वाळू लागते. कोरडी ठणठणीत. मी ती कुठून आणली? आमच्या यांची उद्यमनगरात छोटी फाउंड्री होती, तिथून. फाउंड्रीची वाळू मुठीत दाबली की लाडवासारखी राहते, कारण साचा टिकावा म्हणून ती मुद्दाम ओलसर ठेवलेली असते. आमच्या घरात हे शेंबड्या पोरालाही माहीत. पोतं देताना हे म्हणालेसुद्धा, "ही आधी भाजून घे गं. हिच्यात पाणी असतंय." कढईत तासभर परतायचं काम. मला कंटाळा आला. होय, नुसता कंटाळा! रोज तापलेलं लोखंड ओततात की हिच्यात, म्हटलं, काय होतंय? साच्यात वाफेला वाट काढलेली असते, माझ्या पत्र्याच्या ट्रेला ती नव्हती, आणि थर्माइटचं लोखंड भट्टीतल्यापेक्षा कितीतरी जास्त तापतं — हे मी, रसायनशास्त्राची बाई, विसरले होते का? नाही. विसरले नव्हते.

सकाळी मी ट्रे अंगणात मांडला. मल्लाप्पांनी नेहमीसारखं पाणी शिंपडलं, ट्रेला लांबून वळसा घालून. हे मी खिडकीतून पाहिलं. माझ्या या डोळ्यांनी पाहिलं.

दुपारी पेटवलं. लोखंड वाळूत पडलं, तिच्यातल्या ओलीची क्षणात वाफ झाली आणि धडाका होऊन तापलेले थेंब चौफेर उडाले. नीट दिसावं म्हणून मुलींना मीच पुढं घेतलं होतं. चष्मा कुणाच्याच डोळ्याला नव्हता. शाहूवाडीकडची वैशाली नावाची पोर सगळ्यांत पुढं होती. तिचा डावा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी पोलीस आले. त्यांना ते बॉम्बचंच सामान वाटत होतं. प्राचार्य माझ्याकडं बघेनात. परवानगी कुणाची, कुणाच्या जबाबदारीवर पेटवलं — हे विचारलं जाणारच होतं. नोकरी जाणार, केस होणार. म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच दुसरा प्रश्न पुढ्यात टाकला: वाळू कुणी भिजवली? म्हटलं, "मी कोरडी वाळू ठेवली होती. सकाळी मल्लाप्पांनी तिथं पाणी मारलं." दोन वाक्यं. पहिलं खोटं. दुसरं खरं होतं, आणि त्याच्याच आधारावर पहिलं खपलं.

मल्लाप्पांना विचारलं तर ते म्हणाले, "पाणी मारलोय की मी. ट्रेत उडालं असंल तर मला कळलं न्हाय." बस्स. त्यांना प्रयोगशाळेतून काढून गेटवर बसवलं. मला परवानगी न घेतल्याचा एक मेमो मिळाला, तो फायलीत जिरला. घरी यांनी एकदाच विचारलं, "वाळू भाजलीस न्हवं?" मी व्हय म्हटलं. त्यांना ते पटलं का? अजून मला समजलेलं नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. पुढची आठ-नऊ वर्षं मी मल्लाप्पांवर पाळत ठेवून होते. ते उठून नमस्कार करायचे, मला तो टोमणा वाटायचा. गेटपुढं धुरळा उडाला तरी पाण्याला हात लावायचे नाहीत — हे मला दाखवायला, दुसरं काय? दर वर्षी रजा काढून ते शाहूवाडीला जातात असं कळलं, तेव्हा तर माझा जीव उडाला. वैशालीच्या बापाला काय सांगत असतील? हा माणूस सगळं ओळखून आहे, वेळ बघतोय, अशी माझी खात्रीच होती.

मग ते रिटायर झाले. निरोपाचा कार्यक्रम ठेवला. मी तोवर उपप्राचार्य झालेले, अध्यक्ष मीच. मल्लाप्पा बोलायला उभे राहिले. आता बोलणार हा.

"माझ्या हातनं एका लेकराचा डोळा गेला," ते म्हणाले. "दर वर्षाला तिच्या दारात जाऊन माफी मागून येतोय. माझ्यापायी बाईंची बी शोभा झाली. बाई, तुमची माफी तेवढी मागायची ऱ्हायली." आणि ते रडायला लागले.

त्यांना काहीच माहीत नव्हतं. माझं खोटं त्यांनी खरं मानलं होतं. एवढी वर्षं! माईक माझ्यासमोर होता, सगळे माझ्याकडं बघत होते. वाळू मीच ओली आणली होती — एवढंच बोलायचं होतं. वैशालीचा डोळा परत येणार नव्हता, पण त्या माणसाच्या उरावरचं ओझं तिथल्या तिथं उतरलं असतं.

मी म्हणाले, "जाऊ द्या, मल्लाप्पा. मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

टाळ्या पडल्या. किती मोठ्या मनाच्या बाई, असं मागून कुणीतरी म्हणालं. मल्लाप्पा पुढं आले, माझ्या पायाशी वाकले, आणि मी पाय मागं घेतले नाहीत.