सत्तारभाईने भिंतीत ठेवलेली वाट

सत्तारभाई गेल्याचं मला गल्ल्यावर कळलं. शहागडच्या माझ्या हॉटेलात दुपारची गर्दी होती, आत ग्राइंडरवर वाटण चाललेलं. त्या आवाजात एक ओळखीचा ट्रकवाला ओरडला, "अप्पा, तुमचे सत्तार वायरमन गेले की सकाळी!" ‘तुमचे’ म्हणाला तो... मयतीला गेलो, पण मागेच उभा राहिलो. त्याला आता महिना होऊन गेला.

खूप वर्षांपूर्वी पत्र्याच्या शेडमधून पक्क्या बांधकामात जायचं ठरलं, तेव्हा वायरिंगचा अंदाज द्यायला मी त्यालाच बोलावलं. त्याची रीत वेगळी होती. आधी तो जुन्या शेडमध्ये भटारखान्यालगतच्या टेबलावर बसला, पिठलं-भाकरी मागवली आणि अख्खी दुपार नुसता बघत राहिला. आचारी कुठल्या हाताला वळतो, पाणी कुठे सांडतं, एका वेळी काय काय चालू असतं... मी म्हणालो, "जेवून राह्यलास का काम करून राह्यलास?" "दोन्ही. कांदा आण अजून." मग नव्या भिंतींवर कोळशाने खुणा केल्या. मोरीजवळची माझी खूण पुसून टाकली. "इथं बटन न्हाई. भांडेवाली बाई ओल्या हातानं दाबल, तू थोडाच दाबणार हायेस!"

दिवे-पंख्यांचा भाव जमला. अडलं ते ग्राइंडर आणि फ्रीजपाशी. त्यांना वेगळी जाड तार आणि पक्कं अर्थिंग हवं, असं त्याचं म्हणणं.

"एवढा खर्चा? ग्राइंडर हाय का गिरणी?"

"शेठ, तुझ्या भाकरीचा भाव मी कधी पाडला का?"

"पंख्याच्या लाइनीवर चालव की."

त्याचं हसू गेलं. "ते माझ्या हातून बिलकुल होणार न्हाई. दुसऱ्याकडून कर. पण मंग माझं नाव सांगू नको, अप्पा."

दिवे-पंखे त्याने मनापासून केले. गिलावा व्हायच्या आत, न सांगता, बोर्डापासून ग्राइंडरपर्यंत भिंतीत एक रिकामा पाइपही पुरून ठेवला आणि तोंडाला झाकण लावलं. "अक्कल आली की बोलव. भिंत फोडावी लागणार न्हाई."

मी ग्राइंडर दुसऱ्याकडून पंख्याच्या लाइनीवर जोडून घेतला. उन्हाळा सरायच्या आत भर दुपारी तार जळली. धूर झाला, गिऱ्हाइकं ताटं टाकून पळाली, आचाऱ्याचा हात भाजला. बाहेर कुणीतरी विचारलं, "वायरिंग कुणी केलं हे?" मी घाबरलो होतो. तोंडातून निघून गेलं, "सत्तारनं."

हायवेवर अशी गोष्ट ट्रकच्या आधी पोचते. ढाबेवाल्यांनी त्याला बोलावणं सोडलं. तो शेतातल्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायच्या कामाला लागला. एकदाच आला, बाहेरच्या बाकावर बसला. "मी तुला एकच गोष्ट मागितली होती, अप्पा." मी अजून एक चहा सांगितला. तो न पिताच उठला. पुन्हा आला नाही.

जळल्यानंतर मी ग्राइंडरची वेगळी लाइन भिंतीवरून ओढून घेतली. ते झाकण उघडलं नाही. उघडलं असतं तर त्याचं खरं होतं, हे कबूल करावं लागलं असतं. शेडमधलं त्याचं ते टेबल नव्या हॉटेलातही भटारखान्यालगतच होतं; दुपारी तिकडे मात्र नजर जायची. कांदा मागणारा आवाज कानात यायचा. बोलावीन, उद्या बोलावीन... अशात आम्ही दोघं म्हातारे झालो.

मागच्या आठवड्यात नव्या वायरमनकडून ते झाकण काढलं. पाइपात वायर ओढून घ्यायला त्याने ठेवलेली तार तशीच होती, टोक वाकवून तयार. तिला नवी वायर बांधून पलीकडून ओढली, कुठेही न अडकता आली. तो म्हणाला, "कुणी करून ठेवलंय हे?"

हॉटेल भरलेलं होतं. मी मोठ्याने म्हणालो, "सत्तारभाईनं. अन् जी लाइन जळली ती त्याची न्हवती. ती मी दुसऱ्याकडून करून घेतल्ती." दोघा-चौघांनी माना वळवल्या आणि पुन्हा भाकरी मोडायला घेतली. त्यांच्यातल्या निम्म्यांना ती आग माहीतच नव्हती. ज्यांना माहीत होती त्यांच्यासाठी इथे लिहितो आहे.

वायरमन ती जुनी तार भंगारात टाकायला निघाला होता. मी मागून घेतली. दुपारी गर्दी वाढू लागली की भटारखान्यालगतच्या टेबलावर ठेवतो... तिथे दुसरं कुणी बसू नये म्हणून.